थापटणे आणि मडके : माध्यमशिक्षणातील एक नैतिक प्रश्न

तेर येथे गोरोबाकाकांच्या घरी जमलेल्या संतमेळ्याची कथा मराठी वाचकाला नव्याने सांगावी लागत नाही. मुक्ताबाईने विचारावे, यांतली भाजलेली मडकी कोणती आणि कच्ची कोणती. गोरोबांनी थापटणे हाती घेऊन ओळीने एकेकाच्या डोक्यावर थापट मारीत जावे. इतरांनी ते निमूट सोसावे आणि नामदेवांपाशी येताच त्यांनी हरकत घ्यावी. निकाल तिथेच लागतो : एवढे एक मडके कच्चे. नामदेव विठ्ठलाकडे गाऱ्हाणे नेतात, विठ्ठल त्यांना विसोबा खेचरांकडे पाठवतो आणि औंढ्या नागनाथाच्या देवळात त्यांना बोध होतो. संतचरित्रांच्या परंपरेने या कथेचा अन्वयार्थ अहंकाराच्या नाशाशी जोडला आहे आणि त्या परंपरेच्या चौकटीत तो चुकीचा नाही. तथापि कथेकडे एक संहिता म्हणून पाहू लागले की एक गोष्ट खुपत राहते. त्या सबंध मेळ्यात ज्याने हरकत घेतली तोच कच्चा ठरला. इतरांचे मौन हाच त्यांच्या भाजलेपणाचा पुरावा मानला गेला.

दुसरीही एक गोष्ट आहे, ती कुंभारकामाशी परिचय असलेल्यांच्या सहज लक्षात येईल. थापटणे हे मुळात घडविण्याचे साधन आहे. चाकावरून उतरलेल्या ओलसर मडक्याला आतून एका हाताचा आधार द्यायचा आणि बाहेरून थापटीत त्याची जाडी सारखी करीत आणायची, हे थापटण्याचे काम. भाजलेल्या मडक्याची पारख बोटाच्या टिचकीने, नादावरून होते. कथेत मात्र घडविण्याचे साधन पारखण्याचे साधन होते. कथा रचणाऱ्या लोकप्रतिभेला हा फरक ठाऊक नसेल असे संभवत नाही. शिकविणारा आणि परीक्षा घेणारा एकच असतो, त्याच्या हातातले साधनही एकच असते, आणि ज्याच्यावर ते चालते त्याला आपण आता घडवले जात आहोत की जोखले जात आहोत हे कळत नाही, असा एक अनुभव या कथेने नोंदवून ठेवला आहे.

शैक्षणिक तंत्रविज्ञानाच्या इतिहासाचा आरंभ नेमका याच ठिकाणी होतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ सिडनी प्रेसी यांनी १९२६ साली ज्या साध्या यंत्राचे वर्णन केले, ते परीक्षा घेत असे, गुण मोजत असे आणि ते करता करता शिकवीतही असे. पुढे बी. एफ. स्किनर यांनी १९५० च्या दशकात अध्यापन यंत्राची आणि क्रमान्वित अध्ययनाची जी मांडणी केली, तिचा पाया वेगळा असला तरी शिकविणे आणि मोजणे यांची ही गाठ तिच्यातही सुटली नाही. प्रत्येक उत्तरानंतर लगेच प्रबलन मिळायचे, म्हणजे प्रत्येक उत्तर लगेच मोजले जायचे. आज मुलाच्या हातात असलेल्या भ्रमणध्वनीवरील अभ्यासाच्या प्रणाली हेच करतात, फक्त मोजमाप अधिक सूक्ष्म आणि अधिक अदृश्य झाले आहे. अशा वेळी प्रश्न उभा राहतो तो असा : ज्या साधनाने मुलाला शिकवले जाते आणि त्याच साधनाने त्याला जोखले जाते, ते साधन वाचण्याचा, त्याला उलट प्रश्न विचारण्याचा अधिकार त्या मुलाला आहे काय? आणि असल्यास तो अधिकार बजावण्याची क्षमता त्याला न देता त्याच्यावर ते साधन चालविणे न्याय्य आहे काय?

२

या प्रश्नाची चर्चा मराठीत नीट होत नाही याचे एक कारण परिभाषेतच आहे. ‘माध्यमांद्वारे शिक्षण’ आणि ‘माध्यमांविषयी शिक्षण’ या दोन भिन्न गोष्टी असून शासकीय परिपत्रकांपासून अध्यापक विद्यालयांच्या पाठ्यपुस्तकांपर्यंत त्या एकाच शीर्षकाखाली येतात. दृक्-श्राव्य साधनांचा वापर वाढला की माध्यमशिक्षण झाले असे गृहीत धरले जाते. वस्तुतः पहिलीत माध्यम हे वाहन असते आणि ते जितके पारदर्शक, जितके नजरेआड, तितके यशस्वी. दुसरीत नेमके तेच नजरेसमोर आणायचे असते. एकाच तासाला शिक्षकाने दोन्ही करावे अशी अपेक्षा ठेवणे म्हणजे खिडकीतून बाहेरचे दृश्य दाखवतानाच काचेवरील ओरखड्यांकडेही लक्ष वेधण्यास सांगणे होय. ते अशक्य नाही. पण ते आपोआप घडत नाही.

गंमत अशी की मराठीतला ‘माध्यम’ हा शब्द स्वतःच या दोन अर्थांची गाठ जपून आहे. शाळेच्या संदर्भात ‘माध्यम’ म्हटले की आजही पहिल्यांदा आठवते ती भाषा : मराठी माध्यम, उर्दू माध्यम, इंग्रजी माध्यम. चित्रवाणी आणि वृत्तपत्र नंतर. ज्या जिल्ह्याचा येथे विचार करायचा आहे, त्या धाराशिवच्या, म्हणजे पूर्वीच्या उस्मानाबादच्या, बाबतीत हा क्रम इतिहासानेही तसाच घालून दिला आहे. १९४८ पर्यंत हा जिल्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९१८ साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठाने उच्च शिक्षणासाठी उर्दू ही भारतीय भाषा माध्यम म्हणून स्वीकारली आणि त्यासाठी स्वतंत्र भाषांतर विभाग उभा केला. इंग्रजीच्या वर्चस्वाच्या काळात ही घटना मोठीच होती, हे मान्य केले पाहिजे. पण तेच माध्यम मराठवाड्यातल्या मराठी, किंवा सीमेवरच्या कानडी, मुलाच्या दृष्टीने पुन्हा परक्याचेच होते. एकाला मुक्त करणारे माध्यम त्याच क्षणी दुसऱ्याला मुका करू शकते. माध्यमाचे मूल्यमापन त्याच्या अंगभूत गुणांवर करता येत नाही, ते कोणाच्या तोंडी आणि कोणाच्या कानी आहे यावर करावे लागते, हा धडा या भागाला चित्रवाणी येण्याच्या कितीतरी आधी मिळाला होता.

आजच्या लोहारा तालुक्यातील हिप्परगा येथे १९२१ साली सुरू झालेली राष्ट्रीय शाळा या पार्श्वभूमीवर पाहिली पाहिजे. पुढे स्वामी रामानंद तीर्थ म्हणून ओळखले गेलेले व्यंकटेश खेडगीकर तेथे मुख्याध्यापक होते. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाच्या इतिहासात या शाळेला स्थान आहे ते तिथून निघालेल्या कार्यकर्त्यांमुळे; शिक्षणविचाराच्या दृष्टीने मात्र तिचे महत्त्व असे की ती निजामी शिक्षणव्यवस्थेच्या बाहेर, लोकांच्या आधारावर उभी राहिली. शिक्षण देणाऱ्या सत्तेचे हेतू काय, हा प्रश्न जिथे शाळेच्या अस्तित्वातच गोवलेला होता, तिथल्या विद्यार्थ्याला माध्यमाविषयीचे शिक्षण निराळे द्यावे लागले नसेल.

३

स्वातंत्र्यानंतर आलेल्या दोन मोठ्या प्रयोगांच्या नकाशावर हा जिल्हा दोन्ही वेळा रेषेच्या पलीकडे राहिला. १९५६ साली आकाशवाणीने युनेस्कोच्या साहाय्याने पुणे केंद्रावरून ग्रामीण श्रोतृमंडळांचा प्रयोग केला. तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी भाषक जिल्ह्यांत सुमारे दीडशे गावांत ही मंडळे होती. दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम झाले. उस्मानाबाद त्या वेळी हैदराबाद राज्यात होते, ते त्याच वर्षी १ नोव्हेंबरला मुंबई राज्यात आले. त्यानंतर १९७५ च्या ऑगस्टपासून १९७६ च्या जुलैअखेरपर्यंत उपग्रहाद्वारे शैक्षणिक चित्रवाणीचा ‘साइट’ हा प्रयोग सहा राज्यांतील सुमारे चोवीसशे गावांत चालला. त्यांत महाराष्ट्र नव्हता. कर्नाटकातील गुलबर्गा, विजापूर आणि रायचूर हे जिल्हे होते. उमरगा तालुक्याची हद्द गुलबर्गा जिल्ह्याला भिडते. म्हणजे शिवेपलीकडच्या काही गावांत शाळेच्या आवारात तारेच्या जाळीची मोठी छत्री उभी राहिली होती आणि अलीकडे नव्हती. या वंचिततेबद्दल हळहळण्याचे कारण नाही. उलट, रेषेच्या बाहेर उभे राहिल्याने दोन प्रयोगांतला फरक अधिक स्पष्ट दिसतो.

श्रोतृमंडळांच्या प्रयोगात गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत, त्यावर चर्चा करीत आणि आपले प्रश्न व अभिप्राय केंद्राकडे लिहून पाठवीत. पुढच्या कार्यक्रमांत त्यांची दखल घेतली जाई. यंत्र एकतर्फी होते, व्यवहार दुतर्फी होता. ‘साइट’मध्ये यंत्र कितीतरी पटींनी प्रगत झाले आणि व्यवहार मात्र बव्हंशी एकतर्फी झाला. सकाळी शाळांसाठीचा कार्यक्रम, संध्याकाळी मोठ्यांसाठी. एकाच प्रक्षेपणातून दूरदूरच्या राज्यांतील गावे. त्या प्रयोगाच्या मूल्यमापनात केवळ प्रश्नावल्या नव्हत्या, मानवशास्त्रज्ञ गावांत जाऊन राहिलेही होते, हे विसरता कामा नये. तरीही विचारला गेलेला मुख्य प्रश्न ‘किती पोचले?’ हाच होता. प्रेक्षकाने परत काय पाठवले, हे मोजण्याची सोय यंत्रात नव्हती. म्हणून ते मोजण्याजोगे मानले गेले नाही. याच काळात गुजरातमध्ये खेडा जिल्ह्यात पीज येथील छोट्या प्रक्षेपकावरून स्थानिक लोकांना सहभागी करून, त्यांच्याच प्रश्नांवर कार्यक्रम तयार करण्याचा प्रयत्न झाला. त्याचा गौरव पुष्कळ झाला, अनुकरण फार थोडे.

पाउलो फ्रेरी यांनी चिली येथील कृषिविस्तार कार्याचा अनुभव घेऊन ‘विस्तार’ या शब्दावरच आक्षेप घेतला होता. विस्तार म्हणजे एका ठिकाणचे ज्ञान ताणून दुसऱ्या ठिकाणी नेणे. ज्याच्यापर्यंत ते नेले जाते तो आपोआप रिकामे पात्र ठरतो. फ्रेरींना त्याऐवजी संज्ञापन हवे होते, म्हणजे दोघांनी मिळून एका विषयाचा घेतलेला शोध. मराठी वाचकाला या आक्षेपाची धार चटकन कळावी, कारण आपल्या जिल्हा परिषदांमध्ये शाळांची तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याचे पदनामच ‘शिक्षण विस्तार अधिकारी’ असे आहे. मराठीने यात आणखी एक भर घातली आहे. ‘पात्र’ म्हणजे भांडे, ‘पात्र’ म्हणजे लायक आणि ‘पात्र’ म्हणजे नाटकातली व्यक्ती. शैक्षणिक तंत्रविज्ञानाला मूल पहिल्या अर्थाने दिसते, परीक्षेला दुसऱ्या अर्थाने. तिसरा अर्थ, म्हणजे ज्याला स्वतःचे बोलणे आहे आणि जे संवादात सामील आहे असे पात्र, मधल्यामध्ये गळून जाते.

४

पाश्चात्त्य देशांत माध्यमशिक्षणाचा जो विचार झाला त्याचे टप्पे आता पुष्कळांना परिचित आहेत. एफ. आर. लीव्हिस आणि डेनिस टॉम्प्सन यांनी १९३३ साली इंग्लंडमधील शाळांसाठी जे पुस्तक लिहिले, त्यात जाहिराती व लोकप्रिय वाङ्मय यांची चिकित्सा होती. पण तिचा हेतू अभिरुचीला त्यांच्यापासून वाचविण्याचा होता. देवीची लस टोचावी तसा माध्यमांचा अंश मुलांना द्यायचा, म्हणजे त्यांना रोग होणार नाही. स्टुअर्ट हॉल आणि पॅडी व्हॅनेल यांनी १९६४ मध्ये लोकप्रिय कलांमध्येही चांगले-वाईट असू शकते असे म्हणून या भूमिकेला पहिला तडा दिला. १९८२ च्या जानेवारीत युनेस्कोच्या पुढाकाराने ग्रुनवाल्ड येथे निघालेल्या जाहीरनाम्याने माध्यमांचा निषेध किंवा गौरव करण्याऐवजी त्यांचे अस्तित्व गृहीत धरून शिक्षणाने त्यांना सामोरे जावे असे म्हटले. लेन मास्टरमन यांनी १९८५ मध्ये ती भूमिका ताणून सिद्धान्तापर्यंत नेली : माध्यमे वास्तव दाखवीत नाहीत, ती वास्तवाचे प्रतिरूप रचतात, ते कोणी, कोणासाठी, कोणत्या हितसंबंधांतून रचले हे विचारण्याची स्वायत्तता विद्यार्थ्यात यावी. पुढे डेव्हिड बकिंगहॅम यांच्यासारख्यांनी त्यात एक आवश्यक दुरुस्ती केली. मूल आधीच पुष्कळ जाणते, ते केवळ फसवले जाणारे नसते, आणि स्वतः काही निर्माण केल्याशिवाय चिकित्सा कोरडी राहते.

हा सारा विचार मोलाचा आहे. मात्र तो येथे आयात करून रुजवायचा आहे असे समजण्याची घाई नको. १८५५ साली जोतीराव फुले यांनी ‘तृतीय रत्न’ हे नाटक लिहिले आणि दक्षिणा प्राइज कमिटीने ते नाकारले. कुणब्याच्या गरोदर बायकोला जोशी ग्रहदशेचे भय घालतो आणि त्या भयावर आपली पोळी भाजून घेतो, एवढीच त्याची कथा. परंतु रंगमंचावर एक विदूषकही आहे. तो मध्ये मध्ये थांबवतो. आत्ता जे बोलले गेले ते का बोलले गेले, त्यात भीती कशी पेरली, लाभ कोणाचा झाला, हे प्रेक्षकाला दाखवून देतो. म्हणजे नाटक एकीकडे मन वळविण्याचे तंत्र दाखवते आणि त्याच वेळी ते उलगडूनही ठेवते. शेवटी कुणबी आणि त्याची बायको रात्रीच्या शाळेकडे निघतात. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे : आधी फसवणुकीचे वाचन, मग अक्षरांचे. लीव्हिसच्या जवळजवळ आठ दशके आधी, आणि लस टोचण्याच्या भूमिकेपेक्षा अधिक विश्वासाने, मराठीत माध्यमशिक्षणाचा हा पाठ लिहिला गेला. तो वाङ्मयेतिहासात आद्य नाटकांच्या वादात अडकून पडला आणि शिक्षणशास्त्राच्या अभ्यासक्रमात या दृष्टीने कधी वाचलाच गेला नाही, हा आपल्या विद्याशाखांच्या भिंतींचा दोष. (त्याच नाटकात पाद्र्याच्या बोलण्याची तपासणी जोशाच्या बोलण्याइतकी कडक होत नाही, असेही म्हणता येईल. विदूषकालाही एक बाजू असते.)

गोंधळ आणि कीर्तन यांच्या श्रोत्याचाही विचार या संदर्भात व्हायला हवा. तुळजापूरच्या परिसरात जी माणसे पिढ्यान्‌पिढ्या संबळाच्या साथीने आख्याने ऐकत आली, त्यांना कथा सांगणारा कुठे रंग भरतो, कुठे यजमानाला खूश करतो, कुठे मूळ आख्यान सोडून आजच्या गोष्टीवर येतो, हे नेमके कळते. ही चिकित्सा ग्रंथांत नाही, श्रोत्यांच्या हसण्यात आणि शेऱ्यांत आहे. निरक्षर माणूस माध्यमाच्या बाबतीत अडाणी असतो हे गृहीतक तपासून पाहिल्याशिवाय स्वीकारता येत नाही. दुसरीकडे, याच जिल्ह्यातल्या लोहारा-उमरगा भागाने ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतर माध्यमांची दुसरी बाजूही पाहिली. सास्तूरसारख्या गावांतील माणसे त्या दिवसांत देशभरच्या छायाचित्रांचा विषय झाली. कॅमेऱ्याच्या पुढे उभे राहणे म्हणजे काय, आपल्या दुःखातले काय उचलले जाते आणि काय वगळले जाते, हे त्या पिढीला कोणत्याही पाठ्यपुस्तकाने शिकवलेले नाही.

५

१९८४ ते २०१७ या काळात पुण्याहून चाललेल्या ‘बालचित्रवाणी’ने मराठी मुलांसाठी स्वतःची दृश्यभाषा घडविण्याचा प्रयत्न केला, ती संस्था बंद झाली तेव्हा शाळेत शिरणाऱ्या तंत्रविज्ञानाचे रूप पार बदललेले होते. २०१५ साली सुरू झालेल्या ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ कार्यक्रमानंतर गावोगावी लोकवर्गणीतून शाळा ‘डिजिटल’ झाल्या. ज्या गावाला पिण्याचे पाणी टँकरने मिळते त्याने शाळेसाठी प्रक्षेपक घ्यावा, यात भाबडेपणा पाहणे अन्यायाचे आहे. हिप्परग्याच्या शाळेमागे जी इच्छा होती तीच येथेही आहे. फरक आहे तो नंतरचा : प्रक्षेपक गावाचा झाला, पडद्यावर येणारे पाठ मात्र बाहेरून तयार होऊन आले, आणि त्यांत गावाची विहीर, गावाची बोली, तांड्यावरच्या मुलाच्या घरची भाषा यांना क्वचितच जागा मिळाली.

परांड्याच्या पलीकडे, सोलापूर जिल्ह्यातील माढा तालुक्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना २०२० चा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला, तो मुख्यतः पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड वापरण्याच्या कल्पनेसाठी. या कामाची चर्चा बहुधा कोडभोवतीच फिरली. त्यांनी विद्यार्थ्यांच्या मातृभाषेचा, कानडीचा, विचार करून पाठ्यपुस्तकातला मजकूर त्यांच्यापर्यंत नेला, हे त्या मानाने कमी बोलले गेले. वस्तुतः दोन्ही अर्थांचे ‘माध्यम’ तिथे एकत्र आले होते. पुढे राज्याच्या पाठ्यपुस्तकांत कोड छापले गेले, २०१७ मध्ये सुरू झालेल्या ‘दीक्षा’ या राष्ट्रीय मंचाशी ते जोडले गेले आणि मधल्या प्रवासात एका शिक्षकाने आपल्या मुलांसाठी केलेली निवड ही सर्वांसाठीची रचना झाली.

त्या काळ्या-पांढऱ्या चौकोनाकडे साहित्याच्या अभ्यासकाने जरा थांबून पाहावे. पाठ्यपुस्तकाच्या इतिहासात प्रथमच पानावर असे एक चिन्ह आले आहे की जे कोणत्याही माणसाला, शिक्षकालाही, डोळ्यांनी वाचता येत नाही. ते फक्त यंत्र वाचते. शिवाय छापलेले पान तसेच राहून त्यामागचा मजकूर बदलू शकतो. संहिता स्थिर असते, निदान आवृत्ती बदलल्याचे मुखपृष्ठावर कळते, हा वाचकाचा शेकडो वर्षांचा विश्वास येथे शब्दही न उच्चारता रद्द होतो. याचा अर्थ कोड वाईट असा नाही. जे चिन्ह मूल रोज वापरते, त्याचे स्वरूप त्याला दहा मिनिटे समजावून सांगावे असे कोणाला वाटले नाही, ही गोष्ट मात्र विचारात घेण्यासारखी आहे.

२०२०-२१ मध्ये शाळा बंद असताना हा प्रश्न उघडा पडला. तेव्हा घरात एकच भ्रमणध्वनी, तोही वडिलांबरोबर शेतात किंवा कामावर, ही तक्रार सर्वत्र ऐकू आली आणि चर्चा ‘उपलब्धते’पाशी थांबली. सह्याद्री वाहिनीवरच्या ‘टिलीमिली’ने मुलाला पडद्यापुढून उठवून घरातल्या, परसातल्या वस्तूंकडे पाठवण्याचा प्रयत्न केला, तो त्या वर्षातला विचारी अपवाद म्हणावा लागेल. उपलब्धतेचा प्रश्न खराच आहे. तो सुटल्यावर काय, हे मात्र कोणी विचारत नव्हते.

आता मोजमापाकडे. २०१८ मध्ये केंद्र शासनाने देशभरातील शंभराहून अधिक जिल्हे ‘आकांक्षित’ म्हणून निवडले. महाराष्ट्रातील चारांपैकी उस्मानाबाद एक. या जिल्ह्यांच्या प्रगतीचे निर्देशक ठरले, त्यांत शिक्षणाला ३० टक्के भार मिळाला आणि महिन्यामागून महिना झालेल्या बदलावरून जिल्ह्यांची क्रमवारी लागू लागली. मागासलेपणाकडे लक्ष वेधले गेले, निधी आला, यंत्रणा हलली. या जमेच्या बाजू नाकारता येत नाहीत. तथापि ‘आकांक्षित’ या शब्दाचे व्याकरण पाहावे. ‘आकांक्षी’ असता तर आकांक्षा जिल्ह्याची असती. ‘आकांक्षित’ म्हणजे ज्याची आकांक्षा दुसऱ्या कोणी केली तो. एखाद्या वाडीतल्या चौथीच्या मुलीने वाचलेला उतारा निर्देशकात जमा होतो, निर्देशक क्रमांकात, आणि तो क्रमांक जिल्ह्याच्या ठिकाणी बातमी होऊन येतो. ती बातमी ती मुलगी वाचू शकते. आपण तिच्यात आहोत हे तिला ओळखता येत नाही.

येथे एक गंभीर आक्षेप घेतला जाईल, आणि तो अनुभवी शिक्षकांकडूनच येतो. दोन शिक्षकांच्या शाळेत चार वर्ग चालवायचे, मुलांना धड जोडाक्षरे येत नाहीत, अशा ठिकाणी माध्यमांची चिकित्सा शिकवणे ही शहरी शाळांची चैन आहे; आधी वाचू द्या, मग प्रश्न विचारू द्या. आक्षेपाचा पहिला भाग निर्विवाद आहे. दुसरा भाग मात्र ‘तृतीय रत्न’मधील क्रमापुढे टिकत नाही, आणि संबळाच्या साथीने ऐकणाऱ्या निरक्षर श्रोत्यापुढेही नाही. प्रश्न विचारणे हे वाचनानंतरचे इयत्ताविशेष नाही. उलट, ज्याला प्रश्न विचारण्याचे कारण सापडले त्याला जोडाक्षरांची गरज लवकर पटते. चित्रफीत दाखवून झाल्यावर ‘यात काय पाहिलेत?’ या प्रश्नासोबत ‘हे कोणी दाखवले असेल? आपल्या गावात चित्रण केले असते तर यात काय वेगळे आले असते?’ हे दोन प्रश्न विचारायला वेगळा तास लागत नाही.

खरी अडचण दुसरीच आहे आणि तिला सोपे उत्तर नाही. हे प्रश्न विचारणारा शिक्षक स्वतः त्याच साधनाखाली बसलेला आहे. हजेरी, पोषण आहार, चाचण्यांचे गुण, प्रशिक्षणाची पूर्तता, सारे त्याने त्याच यंत्रावर भरायचे आणि त्यावरून त्याचीही श्रेणी ठरायची. संतमेळ्यात ज्यांनी थापट निमूट सोसली त्यांच्यासारखाच तोही ओळीत बसला आहे. त्याने मुलाला हरकत घ्यायला कसे शिकवावे? मडक्याला आतून मिळणारा हाताचा आधार, ज्याचा कबीराच्या नावावरही एक प्रसिद्ध दाखला आहे, तो हात त्याचाच असायला हवा होता. तो आज माहिती भरण्यात गुंतला आहे. शिक्षक संघटना ‘ऑनलाइन कामां’विरुद्ध बोलतात तेव्हा ती कामचुकारपणाची सबब मानली जाते. तिच्यामागे हाही प्रश्न असू शकतो, हे फारसे ध्यानात घेतले जात नाही.

नामदेवांची कथा तेरला संपत नाही, याची आठवण येथे ठेवावी लागते. औंढ्याला विसोबा खेचर शिवाच्या पिंडीवर पाय ठेवून पडलेले आढळले. नामदेवांनी आक्षेप घेतला, म्हणजे तेरला जे केले तेच पुन्हा केले. विसोबांनी त्यांना कच्चे म्हटले नाही. देव नसेल त्या जागी माझे पाय उचलून ठेव, एवढेच सांगितले. परीक्षा आता नामदेवांच्या हाती आली. पाय उचलायचे त्यांनी, जागा शोधायची त्यांनी, आणि ती सापडत नाही हे कळायचेही त्यांनाच. एकाच कथेत मराठवाड्याने दोन अध्यापनपद्धती शेजारी शेजारी ठेवल्या आहेत; परंपरेने दोन्ही स्वीकारल्या, शाळेने पहिलीच उचलली.

दिवाळीच्या सुमाराला भूम, परांडा, वाशी, कळंब या भागांतून ऊसतोडीसाठी टोळ्या निघतात आणि त्यांच्याबरोबर मुलेही निघतात. त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे, आणि बरोबर जाणाऱ्या मुलाला ‘शिक्षण हमी कार्ड’ देऊन तो जिथे जाईल तिथल्या शाळेने त्याला दाखल करून घ्यावे अशी तरतूद आहे. शैक्षणिक तंत्रविज्ञानाच्या सगळ्या साधनांत हे कागदी कार्ड सर्वांत साधे. त्याला वीज लागत नाही, ते मुलाच्याच दप्तरात असते आणि त्यावरची अक्षरे माणसाला वाचता येतात. टोळी निघण्याच्या आदल्या दिवशी शिक्षकाने ते कार्ड मुलाच्या हाती देऊन त्यावर त्याच्याविषयी काय लिहिले आहे ते त्यालाच आईवडिलांसमोर मोठ्याने वाचायला लावावे, आणि ते त्याला पटते का, हेही विचारावे. माध्यमशिक्षणाचा हा तास कोणत्याही वेळापत्रकात नाही.